निकिताची गोळी

राणीसावरगाव

सौ. कावेरीस आशीर्वाद.

जेवण वेळेवर आहे, गुडघाही बरा आहे. डोकं तेवढं तापलंय. म्हैस व्याली का?

काल आरोग्य पथकासोबत बाजारात गेलो. एचआयव्ही होऊच नये म्हणून घ्यायच्या गोळीवर रचलेली कविता चालीत म्हटली. वर्गात पोरं डोलायची, तशी माणसं डोलली. टाळ्या पडल्या, गोळीचं मात्र एकानंही विचारलं नाही!

आणि मी जिच्याकडे उतरलोय ती तुझी बहीण उत्तरा! तिच्या मुलाला, योगीराजला, एचआयव्ही आहे, पण सून निकिता निरोगी आहे. तशीच राहावी म्हणून डॉक्टरांनी तिला रोजची गोळी दिली, तर हिनं डबी कुलपात टाकली. मी म्हटलं, "पेरणीआधी चांगल्याच बियाण्याला औषध चोळता ना?"

"बियाण्याला कुणी नावं ठेवत न्हाई, दाजी."

मग हे पत्र लिहायला बसलो.

आता तूच ये. तुझं ती ऐकते. आणि एचआयव्हीचं नाव नको म्हणून मी पारायणाला गेलोय असं तूही शेजारी सांगतेस म्हणे, ते आधी बंद कर.

येताना तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आण. जेवणं झाली की उत्तराकडून डबी काढून घे, निकिताला जवळ बसव, आणि उत्तरासमोर एकाच तांब्यातल्या पाण्यानं दोघी आपापली गोळी घ्या.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
अप्पाराव