बॅगेच्या तळचा स्वेटर

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं. वॉर्डात आम्हाला नर्सिंग शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर कडक आहेत, पण मायाळू.

आता तुम्ही भरून दिलेल्या बॅगेबद्दल. निघताना तुम्ही एकेक कपडा घट्ट गुंडाळून भरलात, बुटांत मोजे कोंबलेत, तेव्हा आई म्हणाली होती, "पोरीची बॅग आहे की लोणच्याची बरणी?" मीही हसले होते. इथे मात्र आज माझ्या एवढ्याशा बॅगेतून कपडे निघतच राहिले, तशी खोलीतली मैत्रीण म्हणाली, "तुझे बाबा जादूगार आहेत का गं?" म्हटलं, "नाही, शिंपी आहेत."

एक सांगते, आईला कळू देऊ नका. इतके दिवस मी बॅग पूर्ण उपसलीच नव्हती. वरचेच चार कपडे धुवायचे, घालायचे, पुन्हा गुंडाळून ठेवायचे. वाटायचं, सगळं बाहेर काढलं आणि नाहीच जमलं इथे, तर मला ती अशी भरता थोडीच येणार?

काल थंडी वाढली म्हणून तळापर्यंत हात घातला. शालीच्या गुंडाळीत तुमचा स्वेटर निघाला. तोच, कोपरावर रफू केलेला. बाबा, तुमच्याकडे दुसरा आहे ना? खरं सांगा. आणि खोकला कसा आहे?

स्वेटर घालूनच लिहितेय. बाह्या लांब होतात, दुमडल्यात. बाकीचे कपडे आज कपाटात लावले आणि रिकामी बॅग पलंगाखाली सरकवली. आता राहीन मी इथे.

तुमची लाडकी,
ठमी