पाचवा सोमवार

मंगळवार, १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण आईपेक्षा कमीच. दुकान बरं चाललंय. हल्ली लोक कपड्यांसारखे चष्मे बदलतात.

पत्र पाहून दचकशील. दोन वर्षांत फोनवर ‘आईला देतो’ यापलीकडे मी तुझ्याशी बोललेलो नाही.

काल दुकान बंद होतं, म्हणून सहज नदीकाठी गेलो. केवढा पालटलाय तो भाग! गोदामं जाऊन तिथे बाग झाली, भाड्याच्या सायकली आल्या, आकाशपाळणा आला. जुन्या पंपघरात मत्स्यालय आहे. चढाईच्या भिंतीपाशी एक आजोबा नातीला ‘खाली बघू नकोस’ म्हणून ओरडत होते आणि स्वतः डोळे घट्ट मिटून उभे होते.

सहज गेलो हे खोटं. गेले पाच सोमवार जातोय. तू कयाकची होडी वल्हवायला शिकवतेस तो धक्का पुलावरून दिसतो. लांबच्या नंबरचा नवा चष्मा केला, तो त्यासाठीच. आईला वाटतं, मला फिरायचं वेड लागलंय.

काल तू एका वयस्क बाईंना होडीत बसवत होतीस. त्या घाबरून बाहेर आल्या, रडायलाच लागल्या. तू पायरीवर त्यांच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसलीस. चांगली पंधरा मिनिटं. मग त्या आपणहून उठल्या आणि होडीत जाऊन बसल्या.

मी तुला पंधरा मिनिटं कधी दिली? दुकानात बसणार नाही म्हणालीस, तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत मी ओरडलो. ‘चार दिवस पाणी कापशील आणि माझ्याच दारात येशील!’ पाटीवर ‘आणि कन्या’ रंगवून झालं होतं. लोक काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. हट्टी तू नव्हतीस, मी होतो. चुकलो.

काल त्या बाई होडीत बसल्यावर मी नावनोंदणीच्या खिडकीपाशी गेलो. तिथला माणूस म्हणाला, “काका, पोहता येतं?”

“नाही.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते. पण पाण्याची नाही.”

त्याने हसून फॉर्म पुढे केला.

येत्या रविवारी सकाळी सातच्या बॅचमध्ये माझं नाव आहे. यादीत एकदम दिसू नये म्हणून हे पत्र. मी यायला नको असेल, तर दुकानात फोन करून ‘नको’ म्हण. मी रागावणार नाही. फोन आला नाही, तर साडेसहालाच पायरीवर येऊन बसेन. तू सांगशील ते ऐकेन. मध्ये बोलणार नाही.

तुझ्याकडे शिकायला येणारा,
बाबा