मागे रेलायचं नाही

३ जानेवारी, अमळनेर
परत पडले! जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या ढिगावरून उतरायचा सराव, आणि खाली मुकादम समाधानभाऊ हसतायत – "शिल्पा, कापूस शे तो, बर्फ नई!" हसा.

गेल्या वर्षी गुलमर्गला खोल बर्फात अशीच आपटले. बी ग्रेड. ए मिळाला तरच पुढचा स्कीइंग कोर्स, मग स्कीइंग शिकवायची नोकरी. यंदा नाही जमलं तर संपलंच. मी नोकरी करते ती शाळा परत रजा देणार नाही.

४ जानेवारी
खोड कुठे आहे ते कळतंय. घट्ट बर्फावर वळताना बाहेरच्या पायावर भार चालतो. खोल बर्फात एकाच पायावर दिला की त्या पायाची स्की खाली जाते. दोन्ही पायांवर सारखा हवा. नडग्या बुटाला टेकलेल्या, हात पुढे. तिथले सर ओरडायचे – "पीछे मत बैठो!" आणि मी उतार दिसला की मागेच! मागे रेललं की वळताच येत नाही.

रेलणार नाही तर काय? आई याच ढिगावर कापूस तुडवते. लहानपणापासून तिचं एकच – "मांगे रेल वं पोरी, पडशी!" कापसात टाच रुतते, माणूस वाचतो. बर्फात तेच नडतं.

७ जानेवारी
झोप नाही. आईला सगळं करून दाखवलं. ती म्हणाली, "उतारवर पुढे झुकानं? येडी व्हयनी का?" भांडलो.

९ जानेवारी
जमलं! तीनदा!! चौथ्यांदा मागे. शी.

११ जानेवारी
आईचा पाय मुरगळला. ढिगावरून पुढे झुकून उतरली म्हणे! मी चिडले, रडले. कशाला पण? तर म्हणते, "तू पडशी का, ते मी करी पाह्यं." घोटा टम्म सुजलाय. जात नाही म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली – सविता मावशी येतेय सोबतीला, जाय तू. आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून – "मन्ही शपथ शे तुले, मांगेच रेलजो!"

हो म्हणाले. काय करणार!

१२ जानेवारी
गाडीत. आईची शपथ खोटी कशी घ्यावी माणसानं?

२२ जानेवारी, गुलमर्ग
मांडीपर्यंत बर्फ, उभा उतार. पुढे झुकले. एकदाही पडले नाही! ए!!

आईचा फोन. "मांगेच रेलनी ना?"
"हो आई."