दोन पाड्यांचे दोन बुध्या

शहापूर, ४ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षाली हिस,
अनंताकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची सवय आहे. पण ठीक नाही. वनहक्काच्या दाव्यांसाठी डोळखांबकडच्या म्हाताऱ्यांचे जबाब मी झेरॉक्सचं दुकान बंद ठेवून, पाड्यांवर जाऊन रेकॉर्ड केले होते. पाड्याचं एक फोल्डर, आत माणसाच्या नावाची फाइल. मग तू बनवलेल्या ‘वेचणी’ या प्रोग्रॅमला कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहून सगळ्या फाइली एका जागी आणायला सांगितल्या. तिने आणल्या. पण बुधवारी जन्मलेला बुध्या आपल्याकडे पाड्यापाड्याला. खालच्या पाड्याचा बुध्या वरच्या पाड्याच्या बुध्यावर बसला आणि वरचा पुसला गेला. वरचा बुध्या दिवाळीआधी वारला. त्याच्या मुलीच्या, सोनीच्या दाव्याला तोच एक जबाब होता, आणि ग्रामसभा २५ तारखेला आहे. रेकॉर्डरचं कार्ड मी फाइली उतरवून कोरं केलं होतं. तरी सोबत पाठवतो, बघ.

चूक माझीच. तरी दोन सूचना करतो. फाइल उचलताना तिचा सगळा मार्ग, म्हणजे पाड्यासकट नाव, सोबत न्यावं. आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर थांबून विचारावं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा अनंताकाका

मुरबाड, ९ नोव्हेंबर २०२४

ती. अनंताकाकांस,
शि. सा. न.

कार्ड दोनदा धुंडाळलं. त्यावर तुम्ही नंतर कुणाच्या तरी हळदीचे फोटो भरलेत. जबाब सापडला नाही. फार वाईट वाटतं.

तुमच्या सूचना मी ‘वेचणी’ सांभाळणाऱ्या बाकीच्यांपुढे ठेवल्या. आमच्या इंजिनियरांपेक्षा तुमचं पत्र नेमकं, असं एक जण म्हणाला, फुगू नका. मार्ग राखणं सगळ्यांना पटलं. थांबून विचारण्याला मात्र दोघांचा विरोध आहे. आपोआप चालणारी लोकांची कामं अडतील, ज्याला हवं त्याने काळ्या खिडकीतल्या ओळीत ‘थांबून विचार’ असा जादा शब्द घालावा, असं ते म्हणतात. त्यांना काय सांगू?

प्रेशरची गोळी चुकवू नका. काकूंना नमस्कार.
तुमची हर्षाली

शहापूर, २६ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद.

त्यांना सांग, तो शब्द ज्याला ठाऊक असतो त्याचं काही पुसलं जात नाही. पुसलं जातं ते माझ्यासारख्याचं.

काल ग्रामसभा झाली. त्याआधी मी उरलेल्या बुध्याचा जबाब कानाला लावून चारदा ऐकला. खोकल्याच्या उबळीत तो म्हणतो की त्याच्या बांधाच्या उगवतीला वरच्या पाड्याच्या बुध्याचं शेत, आणि मधले दगड दोघांनी मिळून लावले. सभेत तेवढंच वाजवलं. म्हातारा स्वतः उठून होय म्हणाला. मीही उभं राहून माझी चूक सांगितली. सोनीचा दावा पुढे गेला.

नंतर ती दुकानाशी आली. हसेल असं वाटलं होतं. म्हणाली, “काका, जमीन ऱ्हाईल. पन बाचा आवाज आता कोनाकडच नाय.”

तुझ्या त्या दोघांना एवढं कळव. सोनीचं नाव घालू नकोस.

पत्राच्या वाटेकडे डोळे आहेत.
अनंताकाका