मैमूनाचा ळ

श्री

भोकरदन,
दि. ५ जानेवारी २००४

ती. संपतमामांस,
नंदाचा शि. सा. नमस्कार.

इकडे सर्व ठीक. फोन अजून मुका आहे. रस्ता खोदणाऱ्यांनी तार तोडली आणि जोडणारे खोदणाऱ्यांची वाट पाहत आहेत. म्हणून हे पत्र सकाळच्या जालना गाडीच्या कंडक्टरकडे देते. ‘शाळासोबती’ सीडीचा तुमचा नमुना मिळाला. वेष्टनावर तुमचा फोटो छान आला आहे. मागे शाळा कुठे दिसत नाही, एवढंच.

सीडी उघडली आणि मला घाम फुटला. आत जो मराठी फाँट आहे तो अंबडच्या अजमतचाचांचा. ते छापखान्यात खिळे जुळवत. निवृत्त झाल्यावर संगणकावर त्यांनी ही अक्षरं काढली आणि फाँटला ‘मैमूना’ नाव दिलं. सोबत ‘आधी हे वाचा’ अशी चिठ्ठीची फाईल आहे. कुणीही वापरा, कुणालाही द्या. नुसता फाँट विकू नका, दुसऱ्या कामासोबत गेला तर चालेल. ही चिठ्ठी सोबत असू द्या. आणि अक्षरांत बदल केलात तर त्याला मैमूना म्हणू नका. एवढ्याच अटी. तुम्ही चिठ्ठी काढून टाकलीत आणि फाँटला ‘संपत’ नाव दिलंत. मामा, तुमची सही जुळत नाही म्हणून बँक तुम्हाला दरवेळी परत पाठवते, आणि तुमच्या नावानं आता तालुक्यातली पोरं अक्षर गिरवणार. मी तर त्यातला फक्त ळ दिवाळीत मोकळा केला, कारण आपल्या दुकानातल्या प्रिंटरवर त्याचा शाईचा गोळा व्हायचा.

सीडीतल्या टायपिंगच्या खेळावर स्पष्ट लिहिलंय की तीस दिवस वापरून पाहा, पुढे वाटू नका. तो मी काढला आहे.

शाळांना सीड्या देण्याच्या कामाचा जो फॉर्म आहे, त्यावर ‘सर्व प्रोग्रॅम त्यांच्या अटींनुसार दिले आहेत’ या ओळीखाली सीडी तयार करणाऱ्याची सही हवी आहे. तिथे तुम्ही पेन्सिलीनं माझं नाव लिहून ठेवलंय. आमच्या घरात आजवर अंगठेच उठले. पहिली सही माझी. ती खोट्याखाली करायला हात धजत नाही.

लोभ वाढवा असं म्हणत नाही. हे वाचून आहे तेवढा टिकला तरी पुष्कळ.

आपली,
नंदा

*

जालना,
दि. ७ जानेवारी २००४

चि. नंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता चहा थंड झाला. तुला बी.एस्सी. करणं ही माझी चूक न्हाई, तुझ्या आईचा हट्ट होता. ट्रॅक्टरला लायसन लागतं, बंदुकीला लागतं. अक्षराला लागतं हे आजच कळालं. उद्या बाराखडी म्हणायला परवानगी लागंल, तू अर्ज लिहून ठेव.

चिठ्ठी काढली, कारण ती कोणी वाचत न्हाई. मी वाचली न्हाई, मंग हेडमास्तर काय वाचतील? आणि नाव बदललं, कारण मैमूना म्हणलं की लोक इचारतात ही कोण. संपत म्हणलं की कोणीच काही इचारत न्हाई.

आता कामाचं. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात शाळांना तीनशे सीड्या द्यायच्यात. हे काम हातचं गेलं तर भोकरदनचं दुकान बंद करावं लागंल. धमकी न्हाई, खरं ते सांगून राह्यलो. मंग तू परत हसनाबादला आईकडं जाशील. तिथं तुझ्या काकांनी स्थळ पाहून ठेवलंय. मुलाकडं ट्रॅक्टर आहे. लायसन आहे का, तेवढं तूच इचारून घे.

पेन्सिलीवर शाई फिरव आणि जल्दी कामाला लाग. माया आहेच, ती लिहून देत बसत न्हाई.

तुझा,
संपतमामा

*

श्री

भोकरदन,
दि. १२ जानेवारी २००४

ती. संपतमामांस,
शि. सा. नमस्कार.

काल हसनाबादला जाऊन आले. आईला सगळं सांगितलं. सीडी म्हणजे मधोमध भोक असलेला आरसा, एवढीच तिची माहिती. पण गावच्या पंगतीची भांडी पंधरा वर्षं तिच्या ताब्यात आहेत. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव घातलेलं. कुणीही न्यावीत, लग्न उरकावं, घासून परत आणावीत; भाड्यानं देऊ नयेत, नाव खरवडू नये. तिचं म्हणणं पडलं की अंबडच्या माणसानं हेच लिहिलंय, यात एवढं बी.एस्सी. होण्यासारखं काय आहे. मग तिनं तुम्हाला एक विचारायला सांगितलं. तुमच्या लग्नातून एक परात परत आली, तिच्यावर नावाच्या जागी नुसते ओरखडे होते. ते तुम्हाला आठवतं का? मी विचारते म्हणाले, म्हणून विचारलं.

मी फाँटला पुन्हा मैमूना नाव दिलं, चिठ्ठी जागेवर ठेवली आणि सीड्या भरायला घेतल्या. शनिवारपर्यंत तीनशे होतील. फॉर्मवर शाईनं सही केली आहे. फॉर्म अजून माझ्याकडेच आहे. पहिली सीडी अजमतचाचांना पाठवली, सोबत झाल्या प्रकाराबद्दल माफीचं पत्र. तुमच्या वतीनंही मागितली आहे, तुम्हाला तोशीस नको.

राग आला असेल तर कंडक्टरच्या हाती पाठवा, फोन अजून बंदच आहे.

आपली,
नंदा

*

अंबड,
दि. १६ जानेवारी २००४

चि. नंदाबेटीस,
अजमतचाचाची दुआ.

सीडी पोचली. चिठ्ठी सोबत होती. चार वर्षांत ती सोबत ठेवणारी तू दुसरी. पहिला मी.

मंग ळ पाहिला. खिळे जुळवण्यात चाळीस साल गेले, त्यामुळं हा ळ माझा न्हाई हे लगेच कळालं. मैमूना माझी बायको. एकेक अक्षर काढलं की कागद तिच्यापुढं धरायचो. तिला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून ती नुसता आकार पाहायची. तिनं मान हलवली की पुन्हा काढायचो. ळ तिनं अकरा वेळा परत पाठवला. तिला जाऊन तीन साल झाले.

तुझा ळ चांगला आहे. माझ्यापेक्षा मोकळा आहे, हे मानायला मला दोन दिवस लागले. पण तो तिनं पाहिलेला न्हाई, आणि ज्यावर तिचं नाव आहे ते सगळं तिनं पाहिलेलं आहे. चौथी अट तेवढ्यासाठी.

तुझ्या मामांनी चिठ्ठी काढली ते बिलकुल गलत. पण नाव बदललं ते बराबर होतं. त्यांनी न वाचता अट पाळली. तू चारदा वाचून मोडली. एवढ्या शिकलेल्या मुलीला मी काय सांगावं? माझा ळ परत ठेव, नाहीतर तुझा ठेवून नाव दुसरं दे. चिठ्ठी राहू दे, आणि बदल कोणी केला तेही खाली लिही.

मामांना सलाम सांग. आणि माफी मागताना फार लांब पत्र लिहू नये, समोरच्याला गुन्हा मोठा वाटतो.

दुआगो,
अजमत

*

जालना,
दि. १९ जानेवारी २००४

चि. नंदास,
अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच.

अजमतभाईंचं पत्र तू मला पाठवलंस, हा तुझा मोठेपणा. मी ते दुकानात आलेल्या तिघांना वाचून दाखवलं, हा माझा. निकाल असा की मामा पास, भाची नापास. आता मला कोणी लायसन इचारलं तर मी तुझ्याकडं न्हाई, सरळ माझ्याकडंच पाठवीन.

माझं ऐकशील तर भरलेल्या तीनशे सीड्या तशाच देऊन टाक. तालुक्यात ळ कोण मोजतंय? पण तू ऐकणार न्हाईस, हे मला तुझ्या आईमुळं लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून कोऱ्या तीनशे सीड्या कंडक्टरकडं देऊन राह्यलो. सात दिवस आहेत. नवीन नाव पाहिजेच असंल तर ‘संपत’ अजून रिकामं आहे.

परातीचं अक्काला सांग, मी तवा वीस वर्षांचा होतो.

ओरडलो तरी तुझाच,
संपतमामा

*

श्री

भोकरदन,
दि. २७ जानेवारी २००४

ती. अजमतचाचांस,
नंदाचा सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी जेवले नाही. दुरुस्ती म्हणजे बदल नव्हे, असं मी धरून चालले होते. दुसऱ्यानं केला तर बदल, मी केला तर दुरुस्ती. सही केलेला फॉर्म फाडला आणि कोरा मागून आणला. फॉर्म देणाऱ्यांनी कारण विचारलं. मी खरं सांगितलं; त्यांना ते कळलं नाही, पण फॉर्म मिळाला.

तुमचा ळ परत ठेवणार होते. पण शाळांतले प्रिंटर आमच्यासारखेच जुने, पोरांना पुन्हा शाईचे गोळे दिसले असते. म्हणून माझा ळ कागदावर मोठा छापला आणि हसनाबादला आईपुढे धरला. तिलाही वाचता येत नाही. तिनं तो परत पाठवला. खालचा वळसा पोट सुटल्यासारखा दिसतो म्हणाली. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा तिनं मान डोलावली. तुमच्या अकराच्या मानानं मी स्वस्तात सुटले. नव्या फाँटचं नाव ‘चतुरा’ ठेवलं. आईचं नाव चतुराबाई.

सीडी भरायला सहा मिनिटं लागतात. तीनशे रविवारी दुपारी पुऱ्या झाल्या आणि नव्या फॉर्मवर मी सही केली. जुन्या तीनशे आईनं ज्वारीत टांगल्या आहेत. पाखरं येत नाहीत, आणि अटीही मोडत नाहीत.

काल वाटप झालं. मामांनी भाषणात सांगितलं की अटी पाळण्याची शिस्त आमच्या दुकानात पहिल्यापासून आहे. मग या वेळी मी छापूनही वेष्टनात घातलेली चिठ्ठी त्यांनी सर्वांसमोर वाचायला घेतली, जन्मात पहिल्यांदा, आणि नव्या नावाशी थांबले. ते वाचतील असं मी धरलंच नव्हतं, म्हणून आधी सांगितलं नव्हतं. आई त्यांची थोरली बहीण, पहिल्याच रांगेत बसलेली. त्यांनी पाणी मागितलं आणि नाव फार छान आहे म्हणाले. भोकरदनचं दुकान चालू राहतंय. ट्रॅक्टरवाल्या स्थळाला आईनंच नको कळवलं.

घरी जाताना आईनं ती चिठ्ठी मागून घेतली. तिचं नाव कुठं आहे ते विचारलं, मी दाखवलं. मग मैमूनाबाईंचं कुठं ते विचारलं. ते वरच्या ओळीत आहे, तुमच्या नावाशेजारी. परात परत आली की तिच्यावरून फिरवते तसं तिनं त्या ओळीवरून नख फिरवलं, कुठं खरवडलेलं नाही याची खात्री केली आणि चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली.

तुमची दुआ असू द्यावी. नवी सीडी सोबत आहे, चिठ्ठीसह.

आपली,
नंदा