लेझर नको म्हणालेली बाई

१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तू सुखरूप पोचल्याचं भाचीकडून कळलं. गुडघ्यांना आता जरा आराम मिळत असेल. माझंही बरं चाललंय. वजन दोन किलो वाढलं. सोमवारपासून डेपोत परत चौकशीच्या खिडकीवर बसते, तूर्त अर्धा दिवस. पहिल्याच सकाळी एका आजोबांनी एकच गाडी चार वेळा विचारली आणि मी चारही वेळा न चिडता सांगितली. शेजारची तिकीटवाली म्हणाली, "आजारपणानं सुधारलीस की गं!"

चव मात्र अजून आलेली नाही. दूध कागदासारखं लागतं. असो.

तू चार वेळा फोन केलास, मी उचलला नाही. बोलता येत नाही म्हणून नव्हे. चांगलं खणखणीत येतं. पण फोनवर तू सुरू झालीस की माझं सांगायचं राहूनच जातं. घरात पोपट मला म्हणायचे, पण शेवटचा शब्द नेहमी तुझाच. म्हणून लिहिते आहे.

तू केलंस ते मी विसरलेले नाही. स्वतःचं घर सोडून दोन महिने राहिलीस. मानेची कातडी सोलवटली तेव्हा फुंकर घालत मलम लावलंस. घशातल्या कॅन्सरच्या गाठीसाठी रेडिएशन सुरू झालं, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं आणि नंतर तर ओठांपासून घशापर्यंत नुसती जखम झाली. पाण्याचा घोट म्हणजे काचा गिळल्यासारखं. थुंकीसुद्धा गिळवेना, उशाशी वाटी ठेवावी लागे. ती वाटी तूच धुवायचीस. नाकातून नळी घातली त्या दिवशी तू माझ्याहून जास्त रडलीस. तोवर बोलणंही बंद झालं होतं, म्हणून मी पाटीवर लिहिलं होतं, "यावर काहीच नाही का?" तू म्हणालीस, "डॉक्टरांना विचारलं गं. सोसण्यावाचून इलाज नाही म्हणतात."

मी सोसलं. रेडिएशन नऊ दिवस थांबवावं लागलं, तेही सोसलं.

मग तू दोन दिवस भाचीकडे गेलीस आणि नळी तपासायला मी एकटी दवाखान्यात गेले. दातांच्या विभागातल्या नर्सनं माझं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीच ना त्या, लेझर नको म्हणालेल्या?"

मी पाटीवर लिहिलं, "कसलं लेझर?"

तिनं फाइल माझ्यासमोर धरली. पहिल्याच दिवसाची नोंद होती. 'तोंड येऊ नये म्हणून रोज लेझर सुचवले. रुग्णाची इच्छा नाही, असे बहिणीने कळवले.' खाली तुझी सही. तेव्हा मी शेजारच्या खोलीत रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर बसवायच्या मुखवट्याचं माप देत होते, ताई. एक भिंत मध्ये. तेव्हा तर माझं तोंड चांगलं चालत होतं! दार उघडून विचारलं असतंस तरी चाललं असतं.

नर्सला वाईट वाटलं. म्हणाली, "आधीपासून घेतलं असतं तर बहुतेक इतकं झालं नसतं. पण आताही उपयोग होतो. बसा."

काळा चष्मा घालून मी बसले. तिनं पेनाएवढी दांडी गाठीची जागा सोडून गालांच्या आत, ओठांवर, जिभेच्या कडेला एकेक क्षण टेकवली. लाल उजेड. ना चटका, ना टोचणं. सगळं मिळून पंधरा मिनिटं. एवढ्यासाठी!

तू परत आलीस तेव्हा मी पाटीवर लिहिलं, "लेझर सुरू केलंय." तुला एक संधी देत होते मी. तू पिशवीतली फळं काढत म्हणालीस, "अगंबाई, हे काहीतरी नवीनच निघालेलं दिसतंय!"

आठव्या दिवशी मी पाणी प्याले. दहाव्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. आलं. पण तुला सांगितलं नाही. पुढचे बारा दिवस मी मुद्दाम मुकी राहिले, पाटी घेऊन तुझ्यासमोर बसले. हे माझं पाप, मी कबूल करते. मुक्या माणसासमोर लोक भिंतीसमोर बोलावं तसं बोलतात. तू मावशीला फोनवर म्हणालीस, मी तीन हातांवर बसलेली असताना, "ते लेझर आधी मीच नको म्हटलं होतं. महिनाभर रोज तासभर आधी कोण जाणार? आणि हिला साध्या गोष्टीचा बाऊ करायची सवय, मला वाटलं, होईल थोडंफार."

ताई, तू दमली होतीस, तर तसं म्हणायचं. सव्वीस वर्षं जगाला गाड्या सांगितल्या, मला दवाखान्याची गाडी सापडली नसती? नकार तुझा होता. तो माझ्या नावावर का लिहिलास? आणि मग माझी थुंकी धुताना रोज माझ्याकडे बघवलं कसं?

परवा तपासणी झाली. सध्या काही दिसत नाही म्हणाले. मध्ये थांबलेल्या नऊ दिवसांनी पुढे फरक पडेल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." ते नऊ दिवस आता मी जन्मभर मोजणार.

निघताना नवा फॉर्म भरून घेतला. 'रुग्णास बोलता येत नसल्यास कोणाला विचारावे?' पेन आपोआप तुझ्या नावाकडे गेलं, पन्नास वर्षांची सवय. मी थांबले आणि तिकीटवालीचं नाव लिहिलं. ती माझी कोणी लागत नाही. पण संध्याकाळी तिला सांगितलं तेव्हा तिनं पहिलं काय विचारलं ठाऊक आहे? "आणि तुला काय हवंय, ते मला आधी सांगून ठेवशील ना?"

तू येऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. पण इतक्यात नको. बोलवायचं तेव्हा मीच बोलवीन, माझ्या तोंडानं.

तुझी धाकटी बहीण,
जिला कुणी विचारलं नाही