काकूंच्या गॅलरीतला चार्जर

महाड,
मे महिन्याची अखेर

ती. अरविंदमामांना अनुष्काचा जय भीम. मामींनाही सांगा. तुमचा खोकला गेला का? आईने पोलादपूरला तुमच्यासाठी अडुळशाचा पाला वाळत घातला आहे, पण कोंबड्या तो रोज अंगणभर पसरतात, तेव्हा फार वाट पाहू नका. बाकी आम्ही सगळे बरे आहोत. मी सोडून. मला धक्का बसला आहे. (विजेचा नव्हे. विजेचा बसला असता तर कंपनीने निदान विचारपूस केली असती.)

नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं की घरातली पहिली पदवीधर तू, आता लोकांना विचारून लोकांचं काम कर. ते मी जरा जास्तच मनावर घेतलं. आमची कंपनी महाडच्या बाहेरच्या वस्त्यांमध्ये रस्त्याच्या कडेला विजेच्या गाड्यांचे चार्जर बसवते, म्हणजे ज्याला अंगण नाही त्यानेही दारासमोर गाडी लावावी आणि चार्ज करावी. चार्जर सार्वजनिक, कोणीही यावं. चवदार तळ्याच्या गावात ‘सार्वजनिक’ हा शब्द नुसता पाटीवर रंगवून चालत नाही असं माझं मत, म्हणून सावित्रीकाठच्या पहिल्याच गल्लीत मी जाहीर केलं की सभा घेतल्याशिवाय खड्डा खणायचा नाही. आमोद सर (आमचे पुण्याचे इंजिनिअर, सगळी कामं फोटोवरून करतात) म्हणाले, सभा घेतलीस की भांडणं होतील, प्रत्येक जण म्हणेल माझ्या दारात नको.

भांडणाची तयारी करून गेले आणि पहिला धक्का बसला. सगळे हो म्हणाले! गल्लीत विजेची गाडी सोडा, विजेची सायकलसुद्धा नाही. एका भरतकडे ट्रक आहे आणि तो डिझेल पितो. तरी हात वर. दरवाढ, पार्किंग, कोणी काही विचारलं नाही. फक्त कोपऱ्यावरच्या तुळजाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "बाय गो, पानी कुठवर येतंय ता बघलंस काय? तुजा डबा बुडला म्हंजे गल्लीभर करंट फिरंल. रेघेच्या वर बसव, नायतर बसवूच नको." पूर येऊन गेला की भिंतीवर पाण्याची रेघ मारून ठेवायची इथली रीत तुम्हाला माहीतच आहे. मला ते इतकं शास्त्रशुद्ध वाटलं, की मी तिथल्या तिथे मतदान घेतलं आणि पुण्याला कळवलं: लोकांच्या निर्णयानुसार पेटी पूररेषेच्या वर बसवावी. रेघ कुठे आहे हे मात्र मी पाहिलं नाही. (मी गुडघ्याएवढा ओटा डोळ्यांसमोर आणला होता. पोलादपूरच्या चढावर वाढलेल्या मुलीला पूर म्हणजे काय कळणार?) तुळजाबाईंनी आमोद सरांना मोजमाप दिलं, सरांनी तसंच्या तसं बनवून पाठवलं.

मामा, ती रेघ पहिल्या मजल्यावर आहे. गल्लीतलं एकमेव माडीचं घर ज्यांचं, त्या प्रमोदिनीकाकूंच्या गॅलरीच्या कठड्याला टेकून. खांब उभा राहिला आणि पेटी थेट काकूंच्या तुळशीशेजारी जाऊन बसली. रस्त्यावरून ती दिसते, सुंदर दिसते, पण लांब काठीनेही तिच्यापर्यंत पोचता येत नाही. आमोद सर पहिल्यांदाच पुण्याहून समक्ष आले, वर बघितलं आणि खांबाच्या पायथ्याशी खालीच बसले. मग म्हणाले की एक तर हे काढून न्यावं लागेल, नाहीतर बाहेरून जिना लावावा लागेल. जिना यंत्राचाच भाग म्हणून मंजूर होतो, पण या बाई आपल्या गॅलरीत जगाला चढू देतील का?

मी रात्रभर भाषण पाठ केलं. सामाजिक जबाबदारी, हवेचं प्रदूषण, सगळं. सकाळी गेले, तोंड उघडणार तोच काकू म्हणाल्या, "करा की जिना. कठडा इथून कापा. आणि रुंद करा हो, अरुंद नको." मागून तुळजाबाई ओरडल्या, "दोन मानसा नि एक ट्रंक एका टायमाला चढली पायजेत! नि माजी म्हातारी सासू हाय, पायऱ्या बुटक्या ठेव!"

गाडी चार्ज करायला ट्रंक घेऊन कोण चढतं, हे मी मोठ्याने विचारलं आणि सगळी गल्ली हसली. तेव्हा मला कळलं. मागच्या मोठ्या पुरात सगळी गल्ली काकूंच्या याच गॅलरीत जीव मुठीत धरून उभी होती. चढली होती दोर आणि शिडीने. तेव्हापासून ही माणसं कचेरीत जिना मागताहेत आणि जिन्यासाठी योजना नाही असं उत्तर घेऊन परत येताहेत. चार्जरसाठी योजना आहे.

"म्हणजे तुम्हाला चार्जर नकोच होता?" माझा आवाज रडवेला झाला असावा, कारण काकूंनी मला पाट दिला. म्हणाल्या, "अगं, राहू दे की तोही. दिवा आहे त्याला, उजेड पडेल."

मामा, मी लोकशाही राबवत होते आणि लोकशाही मला राबवत होती. मला राग यायला हवा. जिना परवा बसला आणि तुळजाबाईंची सासू सर्वांच्या आधी चढून गेली. तिने वरून मला हात केला. राग काही आला नाही, आणि हा धक्का सगळ्यात मोठा.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
अनुष्का

ता. क. शुक्रवारी मुंबईहून तपासणीचे साहेब येणार आहेत. गाडी चार्ज होताना दिसली नाही तर खांब, पेटी आणि जिना तिन्ही उचलून नेणार, आणि पाऊस तर दारात आहे. (माझी नोकरीही जाईल, पण ती उचलायला ट्रक लागणार नाही.) तुम्ही नवी विजेची गाडी घेतली आहे असं आईकडून कळलं. गुरुवारी निघाल का?

ता. क. साहेबांनी विचारलं तर मी नेहमी इथेच चार्ज करतो असं सांगा. खोटं बोला असं मी लिहिते आहे, हे मला दोनदा वाचून पाहावं लागलं.

ता. क. पेटीची वायर जमिनीवरच्या हिशोबाने कापलेली आहे, ती रस्त्यापर्यंत पोचत नाही हे आज कळलं. काळजी नसावी. तुमची गाडी भरतच्या ट्रकच्या हौद्यात चढवून ट्रक खांबाखाली लावायचा, असं गल्लीने बहुमताने ठरवलं आहे. साहेब असेपर्यंत डिझेलचं इंजिन बंद ठेवण्याची दुरुस्ती मी सुचवली, ती मंजूर झाली.